आप्पांना, वॉर्साहून

आप्पा, आई आणि सगळ्यांना नमस्कार. दादा, हे जेवणं झाल्यावर आप्पांना मोठ्यानं वाचून दाखव, मधलं काही गाळू नकोस.

फोन केला की आप्पा "जेवलास काय?" एवढं विचारून लगेच फोन आईकडं देतात म्हणून टाइप करायला बसलोय. मी एकदम बरा आहे. थंडी आहे, पण घरात हीटर असतो, आईचा स्वेटर बाहेर जातानाच लागतो. आणि आई, युद्ध शेजारच्या देशात चाललंय, वॉर्सात नाही. बातम्यांत पोलंडचं नाव आलं की लगेच रडत फोन करायचा नाही. इथं ट्राम वेळेवर येतात, शाळा भरतात, मी रोज कामाला जातो. दारूचं पण तसंच, ऑफिसातली पितात, मी पीत नाही, मावशीला कुणी काय सांगितलं मला माहीत नाही. चटणी अजून अर्धा डबा आहे. बाकी रोजचं तुम्हाला माहितीच आहे.

एक मात्र सांगायचंच आहे. इथं टीव्हीवर बाहेरच्या देशातला सिनेमा लागला की आपल्यासारखं डबिंग नसतं, एकच माणूस सगळ्यांचं बोलणं पोलिशमध्ये वाचत जातो. त्याला लेक्टर म्हणतात. हिरो बोलला तरी तोच, हिरॉईन बोलली तरी तोच, बारकं पोरगं बोललं तरी त्याच बाप्याचा आवाज. आणि वाचतो कसं, तर एसटी स्टँडवर गाडी लागल्याचं सांगतात तसं, सरळ एका सुरात. खाली मूळ आवाज बारीक ऐकू येत असतो. थिएटरात असं नसतं हं, तिथं खाली अक्षरं येतात, आणि लहान पोरांच्या सिनेमांना डबिंग करतात. हे टीव्हीवरचंच. परवा घरमालकीण आजींनी सूप प्यायला बोलावलं तेव्हा असाच एक सिनेमा चालू होता, त्यातली बाई नवऱ्यासाठी रडतीय आणि वर हा माणूस शांतपणे वाचतोय, आणि आजी पदर नाही म्हणून बाहीनं डोळे पुसतायत. मला काही कळेना. रूममेटनं विचारून सांगितलं, त्या म्हणतात डबिंगमध्ये दुसरीच कोणतरी तिच्या तोंडून रडते, ते खोटं वाटतं. हा माणूस रडत नाही म्हणून तिचं स्वतःचं रडणं ऐकू येतं.

आप्पा, तिथंच बसल्या बसल्या मला आपलं दिवाळीतलं भांडण आठवलं.

दादाच्या मित्रानं महापुरावर केलेली फिल्म टीव्हीला जोडली होती, आणि आपल्या गल्लीतल्या शेडमधले गणपती पाण्यात दिसायला लागल्यावर तुम्ही उठून बाहेर गेलात. मी मागनं आलो आणि सगळ्यांदेखत बोललो की तुम्हाला खरं बघवत नाही, तुम्हाला नुसते घोडे आणि तलवारी पाहिजेत. तुम्ही एवढंच म्हणालात, "पाण्यात मी होतो. तू कुठं होतास?"

ते मला इथं येईपर्यंत लागून राहिलं, अजून आहे. तेव्हा मी तुम्हाला वास्तववादी सिनेमा शिकवत होतो. खरं तर 1925 साली आपल्याच कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी 'सावकारी पाश' काढला, सावकाराच्या कचाट्यात जमीन गेलेला शेतकरी, शेवटी शहरात गिरणी कामगार होतो, ते काम व्ही. शांतारामांनी केलेलं, हे सगळं मला तुम्हीच सांगितलंय, मी चौथीत असताना, खरी कॉर्नरला त्या कॅमेऱ्याच्या स्तंभापाशी सायकल टेकवून. मग तुम्हाला खरं नको असतं असं मी कोणत्या तोंडानं बोललो?

इथला एक मोठा दिग्दर्शक होता, किश्लोव्स्की, वॉर्सातच जन्मलेला. आधी डॉक्युमेंटरी करायचा, नंतर सोडून गोष्टीचे सिनेमे करायला लागला, कारण माणसाचे खरे अश्रू कॅमेऱ्यात धरायची त्याला भीती वाटायची, आपल्याला तो हक्क आहे का असं वाटायचं. रूममेटनं हे सांगितलं तेव्हा मला शेडच्या दारात पाठमोरे उभे असलेले तुम्ही दिसलात.

तरी माझं मत मी सोडलेलं नाही आप्पा, पुरावर फिल्म व्हायलाच पाहिजे. पण ती फिल्म मी परत बघितली, दोनदा. त्यात शाडू विरघळतोय, बासरी वाजतीय आणि संपलं. 2019 ला पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली, धोका 43 लाच असतो, हे सगळं त्यात आहे. पाणी उतरल्यावर तुम्ही काय केलं ते कुठंच नाही. गल्लीत लाईट नव्हती, वहिनी मोबाइलचा टॉर्च धरून उभी, आणि तुम्ही उरलेल्या मूर्तींचा चिखल धुऊन, परत रंग देऊन, श्वास रोखून डोळे आखत होता, एक डोळा झाला की हात खाली घेऊन जरा थांबायचा. 2 सप्टेंबरच्या चतुर्थीला गिऱ्हाईकांना गणपती मिळाले. तुम्ही उठून गेलात ते मला आता पटतंय. दादा, मित्राला सांग, आप्पा हो म्हणाले तर एवढं शूट कर, आणि आधी विचार, मग कॅमेरा काढ.

आणि आप्पा, तेव्हा मी पुण्यातनं आलो नाही कारण शिरोलीला हायवे बंद होता असं सांगितलं होतं. हायवे सुरू झाल्यावर पण मी शनिवारपर्यंत थांबलो, पगार कापतील म्हणून. हे कधी बोललो नव्हतो.

आता पैशांचं. मधले दोन महिने कमी आले, मी म्हणालो होतो इथं सणाचा खर्च झाला, तसं नव्हतं, आधीच्या कंपनीनं पगार अडकवला होता. आता नवीन काम पक्कं आहे, काळजी करू नका. शेडच्या पत्र्याचे पैसे दादाच्या खात्यावर टाकतो, सोसायटीचं कर्ज काढू नका. पिंकीच्या लग्नाला येतोय, पण सुट्टी कमी आहे, हळदीच्या दिवशी सकाळीच पोचेन, मांडव दादालाच बघावा लागेल, पिंकीला मी फोन करून सांगतो, तुम्ही सांगू नका. कागलच्या स्थळाला आईनं अजून होय म्हणू नये. नको असं नाही, घरी आल्यावर बोलू.

इथं वॉर्सात वळिवड्याच्या कॅम्पचं स्मारक आहे, 1943 ते 48 आपल्याकडं निर्वासित म्हणून राहिलेल्या पोलिश लोकांनी आठवण ठेवलीय. कोल्हापूरचं नाव कोरलंय त्यावर. रविवारी तिथं जाऊन बसतो कधी कधी.

दादा, आप्पा काय म्हणाले ते लिही. काहीच बोलले नाहीत तर तेही लिही.

तुमचा,
बाळू