फॅन बंद करणाऱ्या आण्णांना

प्रिय आण्णा,

सप्रेम नमस्कार. तुम्ही हे वाचणार नाही हे मला माहिताय, तुमचा मोबाईल बटणाचा आणि तोही फक्त फोन घ्यायला आहे, करायला नाही, असं तुम्हीच म्हणालेला. समोर येऊन आभार मानायचा प्रयत्न दोनदा केला, दोन्ही वेळी "बास की लेका, चहा घे" म्हणून तुम्ही विषय मिटवला. म्हणून इथं लिहितोय, नातू वाचून दाखवेल कदाचित. तुमचं नाव सांगत नाही, दुकान गंगावेशीच्या आसपास आहे एवढंच सांगतो, नाहीतर उद्या अख्खं कोल्हापूर माळ्यावरचे टेप उतरवून तुमच्या दारात उभं राहील आणि तुम्ही मला शिव्या घालाल.

इतरांसाठी थोडं मागचं सांगतो. २०१९ चा ऑगस्ट कोल्हापूरकरांना सांगायला नको. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, त्या वर्षी राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, शिरोलीजवळ हायवे बंद, पेट्रोल नाही, दूध नाही. आमचं घर शाहूपुरीत, कुंभार गल्लीच्या जवळ. आईला काढलं, कागदपत्रं काढली, सिलिंडर माळ्यावर टाकला, आणि कॉटखालचा कॅसेटचा खोका तिथंच राहिला. पाणी उतरल्यावर गाळातनं तो बाहेर काढला तेव्हा बहुतेक कॅसेट मी स्वतःच्या हातानं कचऱ्याच्या डंपरमध्ये टाकल्या, काही वाटलं नाही, त्या दिवसांत गल्लीत लोकांचे संसार रस्त्यावर पडलेले, कॅसेटचं काय घेऊन बसलाय. एकच ठेवली.

ती टीडीकेची नव्वद मिनिटांची. थोरला भाऊ ८८ साली मुंबईत शिकायला होता, हॉस्टेलवर कुणाच्या तरी एलपीवरनं त्यानं भरून घेतलेली. ए बाजूला पिंक फ्लॉइड ह्या इंग्लिश रॉक बँडचा 'विश यू वेअर हिअर', बी बाजूला 'द फायनल कट'. दोन्ही अल्बम चव्वेचाळीस मिनिटांच्या आत-बाहेर, त्यामुळं एकेका बाजूच्या पंचेचाळीस मिनिटांत नेमके बसायचे. दादानं लेबलवर निळ्या पेनानं दोन्ही नावं लिहिलेली आणि दुसऱ्या नावापुढं कंसात एकच शब्द. 'बोअर'.

मी ह्या अल्बमबद्दल वाचलेली पहिली समीक्षा ती, आणि पुढची तीस वर्षं जे कोण फ्लॉइडवाले भेटले त्यांनी तेच लांबण लावून सांगितलं. कोल्हापुरात असलं ऐकणारे आम्ही सात-आठ जण, रविवारी संध्याकाळी रंकाळ्याच्या कठड्यावर बसायचो. फ्लॉइडच्याच 'डार्क साइड' अल्बमवर एकमत, 'द वॉल'वर भांडण, आणि 'फायनल कट'चं नाव काढलं की सगळे भेळ खायला उठायचे. एकाचं म्हणणं हा फ्लॉइडचा अल्बमच नाही, बँडमधल्या रॉजर वॉटर्सनं एकट्यानं काढला आणि कव्हरवर बँडचं नाव टाकलं. आता ह्यात खोटं काही नाही, मागच्या बाजूला लिहिलंयच की वॉटर्सचा, सादर केला पिंक फ्लॉइडनं. दुसऱ्याचं दुखणं बँडचा गिटारवाला गिल्मोर. त्याला अख्ख्या अल्बममध्ये एकाच गाण्यात नीट गायला मिळालं आणि निर्माता म्हणून नावही काढलं. तिसरा म्हणायचा रिक राइटच्या कीबोर्डशिवाय फ्लॉइड म्हणजे तांबड्या रश्शाशिवाय ताट. चौथा सगळ्यात कडक, 'द वॉल'मधनं उरलेली गाणी शिळ्या भाकरीसारखी परत तव्यावर टाकलीत म्हणायचा. हेच गिल्मोरही म्हणत होता म्हणे, तेव्हा चालली नाहीत ती आता कशी चालतील.

सगळं मान्य. त्यातलं 'नॉट नाऊ जॉन' हे गाणं मलाही मध्येच कुणीतरी दारू पिऊन मांडवात शिरल्यासारखं वाटतं. पण गंमत बघा, मार्च १९८३ ला हा अल्बम आला आणि इंग्लंडात पहिल्या नंबरावर गेला, जो मान तिथं 'डार्क साइड'ला मिळाला नव्हता की 'द वॉल'ला. 'रोलिंग स्टोन' ह्या अमेरिकन संगीत मासिकवाल्यांनी पाच स्टार दिलेले. मग त्यावर दौरा झाला नाही, बँड फुटला, आणि लोकांनी भांडणाची आठवण नको म्हणून अल्बमच पुसून टाकला. घरात वाटणीवरनं वाद झाला की ज्या खोलीत झाला तिला कुलूप लागतं ना, तसं.

आणि आमच्यातल्या निम्म्यांनी तो पूर्ण ऐकलेला नव्हता. हे मला फार उशिरा कळलं.

असो. तर कॅसेट. "अरे मोबाईलवर आहे की सगळं," हे मला किमान दहा जणांनी सांगितलं. आहे, पण २००४ मध्ये नव्यानं काढताना त्यांनी तिसऱ्या गाण्यानंतर एक जास्तीचं गाणं घुसवलं, आणि आता सगळीकडं तेच मिळतं. ते गाणंही चांगलंय, वॉटर्सच्या वडलांच्या मरणावरच आहे. पण 'वन ऑफ द फ्यू' संपतंय तोवर 'द हिरोज रिटर्न' अंगावर येतं, तो धक्का माझ्या कानात पंधराव्या वर्षापासनं बसलाय, मध्ये पाहुणा आला की मला चुकल्यासारखं होतं. शिवाय दादाचं अक्षर. दादा दुबईला सुखात आहे, त्याला कॅसेट आठवतही नाही, तो भाग वेगळा.

पुराच्या दुसऱ्या वर्षी मोठ्या शहरातल्या एका स्टुडिओत दिली. काचेचं ऑफिस, एसी, कॉफी, फॉर्म भरून घेतला. चार महिने ठेवली. चार महिन्यांत तीन वेगवेगळ्या माणसांना मी तेच सगळं पहिल्यापासनं सांगितलं, आणि शेवटी कुरियरनं परत आली तेव्हा टेप एका जागी तुटलेली, दादाचं लेबल गायब, सोबत चिठ्ठी, 'कंटेंट ऑनलाइन उपलब्ध आहे.' साहेब, मला कंटेंट नको होता. नंतर एका ओळखीच्यानं घरी न्हेली, हेअर ड्रायर मारला, टेप वेफर्ससारखी वळली. त्याच्यावर राग नाही, त्यानं मनापासनं वाट लावली. स्टुडिओवर आहे. तुम्हाला सांगताना पण माझा आवाज चढलेला, तुम्ही पान लावत नुसते "हं, हं" करत होता.

गेल्या मे महिन्यात कुणीतरी तुमचं दुकान सांगितलं. मिक्सर, इस्त्र्या, दोन मर्फी रेडिओ, आणि त्यात बनियनवर तुम्ही. मी प्लास्टिकची पिशवी पुढं केली. तुम्ही कॅसेट वास घेऊन बघितली! मग म्हणाला, "पावणं, गाळ हाय, मेलेली न्हाई. पंधरा दिवस लागतील, घाई असंल तर घिऊन जावा." सिग्नलमध्ये होतो मिलिटरीत, हे तुम्ही नंतर कधीतरी बोलता बोलता सांगितलं. ती टेप तुम्ही कशी धुतली, कशी वाळवली, कुठल्या जुन्या कॅसेटचं कवच काढून तिच्यात बसवली ह्यातलं मला अर्धंच कळलं आणि ते इथं लिहीत बसत नाही.

मला लिहायचंय ते सोळाव्या दिवसाचं. दुपारचे तीन, पत्रा तापलेला, बोळात कुत्रं पण नाही. तुम्ही डेकमध्ये कॅसेट घातली, हेडशेजारचा स्क्रू केसभर फिरवला, बी बाजू लावली. मला वाटलं दहा सेकंद वाजवून दाखवाल, पैसे घ्याल. सुरुवातीला बारीक आवाजात रेडिओ, कुणीतरी स्टेशन बदलतंय, बातम्या. हा अल्बम फार हळू बोलतो, ओठातल्या ओठात, आणि मग एकदम अंगावर ओरडतो. तुमच्या डोक्यावरचा फॅन कट-कट-कट करत होता आणि वॉटर्सची कुजबुज त्यात बुडत होती. तुम्ही मान तिरकी केली, उठला, आणि फॅन बंद केला.

एवढंच. मे महिन्यात, पत्र्याच्या खाली, दुसऱ्याच्या कॅसेटसाठी.

आणि मग बसून राहिला. पहिलं गाणं, दुसरं, तिसरं. तुमच्या कपाळावरनं घाम हनुवटीवर येत होता, तुम्ही तो खांद्याच्या टॉवेलनं टिपत होता, पण आवाज होऊ नये म्हणून हळू. मध्ये एक बाई मिक्सर घेऊन आली, तिला तुम्ही हातानंच थांब म्हणून खूण केली, तीही बिचारी पायरीवर बसली. फ्लॉइडचे स्वतःला कट्टर म्हणवणारे आम्ही, इतकी वर्षं ह्याच अल्बमला उठून जाणारे, आणि इंग्रजीचा एक शब्द न समजणारा माणूस घाम गाळत त्रेचाळीस मिनिटं हलला नाही. खरे फॅन कोण आणि फॅन कुणी बंद केला, असा फालतू विनोद मला तेव्हाच सुचलेला, पण बोललो नाही, घशात काहीतरी आलेलं.

'द गनर्स ड्रीम'मध्ये वॉटर्स एक शब्द ताणत ताणत किंचाळतो आणि त्या किंचाळीतनंच सॅक्सोफोन उगवतो, तिथं तुम्ही पहिल्यांदा बोलला. "माणूस कुठं संपला आन् पिपाणी कुठं सुरू झाली, कळलंच न्हाई." आण्णा, ह्या जागेबद्दल मी खूप वाचलंय, इतकं नेमकं कुणी लिहिलेलं नाही. आणि मूळ एलपीची दुसरी बाजू जिथं सुरू होते तो स्फोट! डाव्या स्पीकरमधनं काहीतरी सणसणत आलं, धडाम झालं, आणि शेजारचा टेलर धावत आला, काय उडालं म्हणून. बाईनं मिक्सर छातीशी धरलेला. तुम्ही फक्त म्हणाला, "गाणंच हाय, जावा."

मग विचारलं, "हे एवढं कशापायी रडतंय?" मी जमेल तसं सांगितलं. हा गाणारा वॉटर्स, ह्याचे वडील दुसऱ्या महायुद्धात इटलीत अँझिओला मारले गेले, १९४४ च्या फेब्रुवारीत, तेव्हा हा पाच महिन्यांचा. पुढं १९८२ ला इंग्लंड-अर्जेंटिनात फॉकलंड बेटांवरनं युद्ध झालं, परत पोरं बोटीत बसवून पाठवली, तेव्हा ह्याचं डोकं फिरलं, की मग माझा बाप कशासाठी मेला. एका गाण्यात त्यानं रेगन, थॅचर, ब्रेझनेव्ह सगळ्यांना वडलांच्या नावाच्या आश्रमात नेऊन टाकलंय, म्हाताऱ्या खोडकर पोरांसारखं. त्यावर तुम्ही खदाखदा हसला, "आपल्याकडं काढला तर जागा पुरायची न्हाई." मग गप्प झाला. मग म्हणाला, इटलीत आपली मराठा पलटण पण होती. होतीच. त्याच साली जुलैमध्ये नाईक यशवंत घाडगे तिथं लढताना पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीच्या घराघरात फौजी आहेत, आपल्या जिल्ह्यात ही गोष्ट कुणाला समजावून सांगावी लागत नाही. बंदरावर उभी राहून हात हलवणारी बाई त्या अल्बममध्ये आहे, आपल्या एसटी स्टँडवर मी ती कितीतरी वेळा बघितलीय. रंकाळ्याच्या कठड्यावर बसून तीस वर्षं गिल्मोरचा सोलो किती सेकंदांचा ह्यावर भांडलो, हे कधी डोक्यातच आलं नाही.

शेवटचं गाणं संपलं, गाडी चालवणाऱ्याला आरशात सूर्य मावळताना दिसतो आणि समोर दुसराच सूर्य उगवतो ते, आणि टेप थोडी नुसतीच फिरत राहिली. तुम्ही ती पण फिरू दिली. खटका पडल्यावर फॅन लावला.

मी किती झाले विचारलं, तुम्ही दीडशे म्हणाला, मी पाचशेची नोट काढली तर चिडला. सुट्टे नव्हते तर समोरच्या टपरीवर स्वतः जाऊन आणले. अशी माणसं अजून असतात, आणि ती कुठंतरी बोळात बनियनवर बसलेली असतात, त्यांच्या दारावर एसी नसतो, फॉर्म नसतो, 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' म्हणणारी बाई नसते. मला काय म्हणायचंय ते नीट सांगता येईना झालंय. काम येणारे खूप भेटतात हो. तुम्ही माझी गोष्ट पूर्ण ऐकली आणि मग कॅसेटची पण.

स्टुडिओवाल्यांनी लेबल हरवलं हे तुमच्या लक्षात होतं, मी तर विसरून गेलेलो. निघताना तुम्ही विचारलं, भावानं काय लिहिलेलं? मी ए बाजूचं नाव सांगितलं, बी बाजूचं सांगितलं, कंसातला शब्द सांगायला लाजलो. तुम्ही ड्रॉवरमधनं वहीचा कागद कापला, चष्मा चढवला, बॉलपेननं सावकाश लिहिलं, डिंक लावून चिकटवलं आणि कॅसेट हातात दिली. मी ते घरी येऊन वाचलं.

बी बाजू. फायनल कट. आवाज बारीक आहे. फॅन बंद करणे.

तुमचा,
शाहूपुरीतला कॅसेटवाला