पूल पडताना दाखवणाऱ्या भाऊंना

प्रिय भाऊ,

नाव लिहू नका म्हणालात, म्हणून नुसतं 'भाऊ'. नागपुरात तेवढं पुरतं.

माझ्या भाचीच्या लग्नाचं शूटिंग तुम्ही केलं होतं, त्या ओळखीवर मी फोन केला. ऐन मे महिना, तुमच्या हातात एकामागून एक लग्नं. तरी मधले दोन दिवस दिलेत. काम काय, तर आमच्या एका वर्गाची जाहिरात. या वर्गात पोरं संगणकावर 'पॉली ब्रिज' खेळतात. ठरलेल्या बजेटात पूल बांधायचा, वरून गाडी न्यायची आणि मग तशाच पुलाच्या एकेका दांड्यातलं बल वहीत हाताने काढायचं. "गेम खेळायला फी भरायची का?" असं पालक विचारत होते. त्यांना दोन मिनिटांत उत्तर द्यायचं होतं.

माझी संहिता तुम्ही उभ्या उभ्याच वाचलीत. सुरुवात होती 'अभियांत्रिकी शिक्षणासमोरील आव्हाने' अशी. "सर, एवढ्यात पोरगं तीन रील पाहून घेते," म्हणालात. आणि मग, "पूल पडते तवा पोरं एवढी ओरडतात, ते काहून नाही घेतलं?"

खरं सांगू? वर्गात पूल पडतात हे वरच्यांना दिसू नये, म्हणून.

दुसरा वाद कूलरचा. ४५ अंशांत कूलर बंद करा म्हणणारा माणूस मला वेडाच वाटला. पंखेही बंद केलेत. एका वेळी दीड मिनिट शूटिंग, मग पुन्हा हवा, असा तह झाला. ट्यूबलाइटमुळे पडद्यावर सरकणारे पट्टे कॅमेऱ्याचं शटर १/५० सेकंदावर आणून घालवलेत, ते तर मला जादूच वाटलं. आपली वीज ५० हर्ट्झची, प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, म्हणजे १/५० सेकंदात बरोबर दोनदा, हे मीच कधीकाळी शिकवलेलं!

त्या दीड मिनिटातच ते घडलं. ट्रक मध्यावर आला, खालचा दांडा लाल झाला, तुटला. वर्ग हसला. मला वाटलं तुम्ही पडता पूल टिपताय. तुमचा कॅमेरा होता दुसऱ्या रांगेतल्या मुलीच्या हातावर. ती हसली नव्हती. पेनच्या टोकाने वहीतल्या एका चौकटीचे सांधे मोजत होती. सांधे चार, म्हणजे चौकट लवंडू नये तर दांडे हवेत सांध्यांच्या दुप्पट वजा तीन: दोन गुणिले चार वजा तीन, पाच. तिच्याकडे चारच. "तिरपा राहिला," ती स्वतःशीच पुटपुटली. कूलर चालू असता तर हे दोन शब्द कुणालाच ऐकू आले नसते.

व्हिडिओ तिथूनच सुरू होतो. माझी आव्हानं तुम्ही कापलीत, बरं केलंत.

"मंडपवाले बांबू तिरपा बांधतात तो यासाठीच का?" हा तुमचा प्रश्न मी आता पहिल्या तासाला वापरतो. चौकट ढकलली की लवंडते, त्रिकोण लवंडत नाही, हे मुलांना मंडपावरून लगेच कळतं.

आणि गड्डीगोदाम! तिथे जायचं तुम्हीच सुचवलंत. पहाटे साडेपाचला आपण उभे होतो. खाली रस्ता, वर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल, सगळ्यात वर मेट्रो, आणि रुळांवरच्या पोलादी सांगाड्यात एकामागून एक त्रिकोण. इतकी वर्षं ट्रस, म्हणजे असे त्रिकोणांचे सांगाडे, शिकवतोय, कामठी रोडने शेकडो वेळा गेलोय, पण पोरांना तिथे एकदाही नेलं नव्हतं. याची लाज वाटली. त्या मुलीच्या वहीतल्या आकृतीवरून थेट त्या सांगाड्यावर जाणारा तुमचा कट मी अजून थांबवून पाहतो.

पैशांचं पाकीट तुम्ही परत माझ्याच खिशात घातलंत, पेट्रोलपुरतेही घेतले नाहीत. त्याबद्दल मी रागावलो आहे, हे नोंदवून ठेवा.

तुमचा एक्स्टेंशन बोर्ड वर्गातच राहिलाय, लाल वायरचा. तुमची पुढची तारीख कधीची आहे? आदल्या संध्याकाळी आणून देतो.

तुमचा,
पूल पाडणारा मास्तर