विषय क्रमांक 1 कुठे गेला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

क्षेत्रीय कार्यालयात दर महिन्याला पालिकेचे अधिकारी आणि नागरिक समोरासमोर बसतात, त्या मोहल्ला कमिटीच्या बैठकांविषयी हे पत्र लिहीत आहे. तक्रार आहे, पण ती कुणा एका साहेबांविरुद्ध नाही, म्हणून आमच्या क्षेत्रीय कार्यालयाचे नाव लिहीत नाही. पुणे पालिकेची अशी 15 कार्यालये आहेत. ज्याने त्याने आपापल्याकडे काय चालते ते ताडून पाहावे.

आधी माझी ओळख. वय 68. तेहतीस वर्षे एका बँकेच्या मुख्य कार्यालयात स्टेनो होते, आणि त्यातली शेवटची अकरा वर्षे संचालक मंडळाच्या सभांचे इतिवृत्त लिहिण्यात गेली. कोण किती वेळ बोलले ते सोडून द्यायचे. काय ठरले, कोण करणार, कधीपर्यंत, एवढे धरून ठेवायचे. निवृत्त झाल्यावर सोसायटीने मला सेक्रेटरी केले, कारण "तुम्हाला लिहायची सवयच आहे." आमची सोसायटी चोवीस फ्लॅटची. वार्षिक सभेला कोरम कधीच होत नाही. अर्धा तास थांबून सभा तहकूब करायची आणि त्याच जागी, त्याच खुर्च्यांवर, त्याच अकरा माणसांनी पुन्हा भरवायची, हा आमचा दर सप्टेंबरचा कुळाचार आहे. पण त्या सभेतसुद्धा विषय क्रमांक 1 ठरलेला असतो: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. पार्किंगवरून भांडण होते ते त्यानंतर.

मोहल्ला कमिटीत हा विषयच नाही. (पेठांच्या शहरात हा 'मोहल्ला' कुठून आला, हे मला अजून कुणी सांगितलेले नाही.) बैठक महिन्यातून एकदा, कामाच्या दिवशी, सकाळी 11 ला. सहायक आयुक्त येतात, पाणी, ड्रेनेज, पथ, विद्युत, आरोग्य या खात्यांची माणसे येतात आणि समोर आम्ही. आम्ही म्हणजे पेन्शनर. या वेळेला दुसरे कोण येणार? धुणीभांडी करणारी बाई चौथ्या घरी असते, रिक्षावाला स्टँडवर असतो, आयटीतली मुले हिंजवडीच्या रस्त्यात अडकलेली असतात. एक गृहस्थ मात्र न चुकता येतात. त्यांच्याकडे 2011 पासूनच्या तक्रारींची फाईल आहे, आणि साहेब नवे आले की ते ती पहिल्या पानापासून उघडतात. पूर्वी मला त्यांचा राग यायचा. आता येत नाही. तिथे आठवण ठेवणारे ते एकटेच आहेत.

आता चेंबरची गोष्ट. ती सविस्तर सांगते, कारण सगळे त्यातच आहे.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी वड आहे आणि वडाच्या अलीकडे ड्रेनेजचे चेंबर. गेल्या जूनपासून ते उतू जाऊ लागले. झाकणाच्या भोकातून आधी बुडबुडे येतात, मग कडेने काळे पाणी पसरते, आणि शाळेची मुले भिंतीला पाठ लावून एक-एक पाऊल सरकत जातात. अंधारात कुणी पाय घालू नये म्हणून कुणीतरी शेजारच्या चिखलात शेवग्याची फांदी खोचली आणि तिला लाल फडके बांधले. जूनच्या बैठकीत मी उभी राहिले. कनिष्ठ अभियंता म्हणाले, "काकू, उद्याच जेटिंग लावतो." शब्दाला जागले. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या जोराने लाइन साफ करणारी ती जेटिंगची गाडी आली, आठ दिवस बरे गेले.

जुलैत पुन्हा तेच. त्या बैठकीला 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या, आमच्याच गल्लीत कचरा गोळा करणाऱ्या ताई आल्या होत्या. त्यांचे काम वेगळे होते, कचरा वेगळा करायला पत्र्याची शेड हवी होती. माझे बोलणे ऐकून त्या मागून म्हणाल्या, "काकू, चेंबर नाही तुंबलेलं. पुढची लाइन खाली बसलीय. जेटिंगचा पाइप दर वेळी वडापाशी जाऊन अडतो, मी तिथंच उभी असते. आणि बघा, गुरुवारी पाणी बंद असतं ना, त्या दिवशी एक थेंब वर येत नाही. शुक्रवारी सकाळी नळ सुटले की आलंच." साहेबांनी मान डोलावली. "बरोबर आहे, कॅमेरा घालून बघावं लागेल. नोंद घ्या रे," असे ते शेजारच्या मुलाला म्हणाले. मुलगा मोबाइलमध्ये होता. त्याने मान वर केली, हसला, आणि परत मोबाइलमध्ये गेला.

ती नोंद घेतली गेली नाही. ऑगस्टमध्ये अभियंता बदलले. नव्या साहेबांनी विचारले, "काय तक्रार आहे?" मी पुन्हा चेंबरपासून सुरुवात केली. ते म्हणाले, "जेटिंग लावतो." त्या दिवशी ताई नव्हत्या. मी लाइनचे सांगून पाहिले, पण अभियांत्रिकीतले आपल्याला काय कळते, असा एक भाव असतो, तो समोरच्याच्या चेहऱ्यावर आला आणि खरे सांगायचे तर थोडा माझ्याही मनात होता. सप्टेंबरात बैठकच नव्हती. ऑक्टोबरपर्यंत पाच वेळा जेटिंगची गाडी येऊन गेली. शेवग्याच्या फांदीला तोवर पालवी फुटली होती.

हा हलगर्जीपणा म्हणावा तर दर वेळी गाडी वेळेवर आली. माणसे कामाची होती. फक्त जुलैत खोलीतल्या सगळ्यांना जे कळले होते, ते ऑगस्टमध्ये त्या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हते. आणि पाच गाड्यांचे डिझेल, पाणी, माणसांचा रोज हा पैसा आपण भरलेल्या घरपट्टीतूनच जातो.

मग मी म्हटले, निदान जुनी इतिवृत्ते पाहू. राज्य सरकारने 2018 साली आदेश काढला, की दर सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना कार्यालयातल्या फायली पाहू द्याव्यात. तशी एका सोमवारी गेले. बाईंनी कपाट उघडून 'मोहल्ला कमिटी' लिहिलेली फाईल काढून दिली. चांगली जाडजूड होती. आत हजेरीच्या सह्यांचे कागद होते, तारखेप्रमाणे लावलेले. चहा-बिस्किटांची बिले होती, तीही तारखेप्रमाणे. इतिवृत्त एकाही बैठकीचे नव्हते. म्हणजे जुलैच्या बैठकीत कितीजण आले आणि किती कप चहा झाला हे आजही सिद्ध करता येईल. काय ठरले, ते येणार नाही.

ऑक्टोबरच्या बैठकीला मी वही घेऊन गेले. हात अजून चालतो. घरी येऊन दोन फुलस्केप पाने लिहिली: चौदा विषय, प्रत्येकापुढे खाते, काय कबूल केले आणि मुदत. दोन प्रती काढून आवक-जावकच्या खिडकीवर गेले.

"काय आहे? अर्ज का?"
"इतिवृत्त आहे."
"कुणाचं?"
"तुमच्याच बैठकीचं."
"मग विषय काय लिहू?"
"लिहा ना, इतिवृत्त."

त्यांनी थोडा विचार केला आणि रजिस्टरमध्ये 'तक्रार' असे लिहिले. पोच मात्र दिली, शिक्का आणि तारखेसह.

नोव्हेंबरात बैठक सुरू होताच मी हात वर केला आणि म्हटले, गेल्या वेळचे वाचते. सहायक आयुक्त म्हणाले, "काकू, वेळ कमी आहे." म्हटले, चार मिनिटे लागतील, घड्याळ लावा. पहिल्या पाच विषयांना खोलीत चुळबुळ होती. सहावा चेंबरचा. "वडाजवळील ड्रेनेज लाइन खचल्याचे नागरिकांचे म्हणणे. कॅमेऱ्याने तपासणी, ड्रेनेज विभाग, 15 दिवस." सहायक आयुक्तांनी अभियंत्यांकडे पाहिले. अभियंत्यांनी माझ्या कागदाकडे पाहिले. बैठक संपल्यावर तेच माझ्याकडे आले आणि म्हणाले, "त्याची एक झेरॉक्स मिळेल का?"

दहा दिवसांत कॅमेरा आला. वडाच्या मुळाखाली लाइन बसली होती, ताईंनी सांगितले होते तिथेच. चार पाइप बदलले. दोन दिवसांचे काम होते.

आता कुणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीसाठी वर्तमानपत्राला पत्र कशाला. कारण असे, की 1993 साली 74 वी घटनादुरुस्ती लागू झाली तेव्हापासून तीन लाखांवरच्या शहरांत प्रभाग समित्या हव्यात असे घटनाच सांगते. 2009 साली राज्याच्या कायद्यात क्षेत्रसभा आली: काही मतदान केंद्रे मिळून एक क्षेत्र आणि तिथल्या मतदारांची सभा नगरसेवकाने बोलवायची. गावाला ग्रामसभा तशी शहराला ही. कागदावर सगळे छान आहे, पण अशा सभेचे बोलावणे मला तरी आजवर आलेले नाही. मार्च 2022 मध्ये पालिकेची मुदत संपली आणि जवळजवळ चार वर्षे नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. त्या काळात सामान्य माणसाला समोरासमोर बोलायला ही महिन्याची बैठक हीच काय ती जागा उरली होती. आता प्रभागाला चार-चार नगरसेवक आहेत. त्यांनी बैठकांना यावे, जरूर यावे. पण आल्यावर लिहिणार कोण, हे आधी ठरवावे, नाहीतर बोलणारे चार वाढतील एवढेच.

लिहिलेल्याचे काय होते तेही सांगते, नाहीतर मी फारच भाबडी वाटेन. 2006-07 पासून पालिका अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे मागवते, एका कामाला 5 लाखांपर्यंत. आम्ही एका वर्षी दवाखान्याच्या पायऱ्यांना लोखंडी कठडा मागितला होता. म्हाताऱ्या माणसांना धरायला काही नाही. फॉर्म भरला, पोच आहे. वर्षभराने त्या पायऱ्यांसमोर सिमेंटचे दोन बाक आले, पाठीवर 'यांच्या संकल्पनेतून' असे रंगवलेले. बाकावर बसून पायऱ्या चढणाऱ्यांकडे बघता येते.

आणि विरंगुळा केंद्र. बागेच्या कोपऱ्यात दोन खोल्यांचे केंद्र बांधून तयार आहे, रंग दिलेला आहे, आत कॅरमचे टेबल दिसते (खिडकीतून). कुलूप आहे. किल्ली कुणाकडे, हे मी चार बैठकांत विचारले. माझ्या वहीप्रमाणे उत्तरे अशी: ऑक्टोबर, उद्यान विभाग. नोव्हेंबर, भवन विभाग. डिसेंबर, ठेकेदाराकडून हस्तांतर व्हायचे आहे. जानेवारी, "काकू, ती तर क्षेत्रीय कार्यालयातच असायला पाहिजे." चारही उत्तरे मी मोठ्याने वाचून दाखवली. लोक हसले, साहेबही हसले. किल्ली अजून आलेली नाही.

तेव्हा आयुक्तसाहेबांकडे आपल्या पत्रामार्फत मागणी अशी. प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाने बैठकीची सुरुवात मागच्या बैठकीचे इतिवृत्त वाचून करावी. ते मराठीत, एका पानाचे असावे, आणि आठ दिवसांत खालच्या फलकावर लागावे, कारण कचरावेचक ताईंना संकेतस्थळ बघायला वेळ नाही, फलक त्यांच्या वाटेवर आहे. तीन महिन्यांतून निदान एक बैठक संध्याकाळी 7 नंतर घ्यावी. लिहायला माणूस नसेल तर शिकवायला मी येईन, चहाचेही बिल लावू नका.

ताईंच्या शेडचा विषय जुलैपासून तसाच आहे. तो माझ्या वहीत आता तिसऱ्या क्रमांकावर घेतला आहे. पुढच्या बैठकीची तारीख विचारायला काल कार्यालयात जाऊन आले. फलकावर अजून मागच्याच महिन्याची आहे.

आपली,
एक निवृत्त स्टेनो,
पुणे