कोकणातील साप्ताहिकांच्या फायलींसाठी : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, सांस्कृतिक कार्य विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,
सविनय नमस्कार.

कोकणातील जुन्या साप्ताहिकांच्या बांधीव फायली आज ग्रंथालयांच्या माळ्यांवर, बंद पडलेल्या छापखान्यांत आणि संपादकांच्या वारसांच्या घरी ज्या अवस्थेत आहेत, ती पाहता त्यांची छायाप्रत करून घेण्याचे काम शासनाने आता हाती घ्यावे, ही विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मराठी वृत्तपत्रसृष्टीचा आरंभ करणारे बाळशास्त्री जांभेकर हे देवगड तालुक्यातील पोंभुर्ल्याचे. त्यांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले. आधी ते पाक्षिक होते आणि त्याच वर्षी साप्ताहिक झाले. २०३२ साली या घटनेला दोनशे वर्षे पूर्ण होतील. त्या निमित्ताने सोहळे होतील आणि ते व्हावेतही. परंतु ज्या भूमीतून हा पहिला संपादक आला, तेथील पत्रे तोवर वाचता येण्याजोग्या स्थितीत उरावीत, यापेक्षा अधिक उचित स्मारक मला सुचत नाही.

सावंतवाडीच्या ‘वैनतेय’चेच उदाहरण घ्यावे. हे साप्ताहिक १९२४ साली निघाले, तेव्हा सावंतवाडी संस्थान होते. जवळच्या शिरोड्याला शिक्षक असलेले वि. स. खांडेकर त्यात लिहीत असत. त्याच शिरोड्यात १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला, १९४८ साली संस्थान विलीन झाले आणि १९६१पर्यंत काही कोसांवर पोर्तुगीजांची हद्द होती. या प्रत्येक घटनेकडे मुंबई-पुण्याच्या दैनिकांनी दुरून पाहिले. सावंतवाडीच्या पत्राला ती आपल्या अंगणातली होती. उत्तरेकडे अलिबागला १९३७ साली ‘कृषीवल’ निघाले, ते १९३३ साली सुरू झालेला जवळच्या चरी गावचा शेतकरी संप चालू असतानाच. खोतीविरुद्ध, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या खोतांच्या जमीनदारीविरुद्ध, कुळांनी वर्षानुवर्षे जमिनी पडीक ठेवल्या, तो लढा समजून घ्यायचा तर सरकारी दप्तराबरोबर शेतकऱ्यांच्या बाजूचे पत्रही वाचावे लागते.

तरीही माझ्या मते या अंकांचे खरे मोल मोठ्या घटनांत नाही. बोटींच्या वेळा, तरीवरच्या, म्हणजे होडीच्या उतारावरच्या, गैरसोयीची तक्रार, आंब्याच्या पेटीचा भाव, शाळेचा निकाल, जमिनीच्या जाहीर नोटिसा, जत्रेच्या तारखा आणि गावातल्या माणसाच्या निधनाच्या चार ओळी, असा मजकूर दुसरीकडे कोठेही नोंदवला जात नसे. हेच पत्र टपालाच्या सवलतीच्या दराने गिरणगावातल्या चाकरमान्याच्या खोलीवर पोहोचत असे आणि मनीऑर्डर पाठवणाऱ्या त्या माणसाला आपल्या गावात काय चालले आहे हे कळत असे. संपादक, वार्ताहर, मुद्रितशोधक आणि वर्गणी वसूल करणारा असे सगळे मिळून बहुधा एकच गृहस्थ असत. सोबत खिळे जुळवणारा एखादा जुळारी आणि एक पायाने चालवायचे ट्रेडल छपाईयंत्र. १८८० सालच्या रत्नागिरी गॅझेटिअरमध्ये, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथात, या जिल्ह्याची शेती, बंदरे आणि जाती तपशिलाने आल्या आहेत, पण जिल्ह्यातल्या माणसाचे स्वतःचे बोलणे तेथे नाही. ते या साप्ताहिकांत आहे.

हा ठेवा टिकत नाही, याची कारणे उघड आहेत. वृत्तपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यातील आम्लामुळे तो आपोआप पिवळा पडून ठिसूळ होतो, आणि कोकणातला पावसाळा, वाळवी व कसर उरलेले काम पुरे करतात. त्यातच २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणला आलेल्या पुराने तेथील लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची, म्हणजे १८६४ सालापासूनच्या संस्थेची, काय हानी केली ते आपण जाणताच. एकाच जागी एकच प्रत असेल, तर एक रात्र पुरेशी होते.

इंग्रज सरकार १८६८पासून मुंबई इलाख्यातील देशी वृत्तपत्रांचा साप्ताहिक गोषवारा इंग्रजीत तयार करून घेत असे. ज्यांचे अंक नष्ट झाले अशा काही पत्रांची ओळख आज त्या अहवालांतूनच होते. मात्र राज्यकर्त्यांना चिंतेचे वाटले तेवढेच त्यात उतरले. तरीवरची तक्रार उतरली नाही. स्वातंत्र्यानंतर १९५४चा ग्रंथ प्रदान कायदा १९५६ साली वृत्तपत्रांनाही लागू झाला, पण ठरावीक ग्रंथालयांना प्रती धाडण्याची सक्ती प्रकाशकावर आहे. त्याआधीच्या अंकांना या कायद्याचा काहीच आधार नाही.

पुराभिलेख संचालनालय आणि दर्शनिका (गॅझेटिअर) विभाग हे दोन्ही आपल्याच खात्यात येतात, म्हणून विनंती आपल्याकडे. प्रथम रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील कोणत्या पत्राचे कोणते अंक कोणाकडे आहेत, याची नोंदवही व्हावी. १८२८ सालापासून चालत आलेल्या रत्नागिरीच्या नगर वाचनालयासारख्या जुन्या संस्थांना त्यासाठी हाताशी धरावे. त्यानंतर फिरते पथक त्या त्या गावी जाऊन तेथेच छायाप्रती काढील, अशी व्यवस्था असावी. मूळ फायली मुंबईला नेऊ नयेत, हे मी आग्रहाने सांगतो, कारण वडिलांनी जपलेला गठ्ठा गावाबाहेर जाणार म्हटल्यावर वारस तो पुढे करणार नाहीत, आणि त्यांची ती भीती मला अगदी रास्त वाटते. छायाप्रती सर्वांना विनामूल्य वाचता याव्यात. स्वामित्वहक्काची मुदत संपलेले निनावी बातम्यांचे जुने अंक त्यासाठी आधी घेता येतील. ज्या ग्रंथालयांकडे मूळ अंक राहतील, त्यांना बांधणी आणि कोरड्या कपाटांसाठी वेगळे अनुदान मिळावे. वर्गवारीनुसार मिळणाऱ्या नेहमीच्या अनुदानातून पगार भागवताना त्यांची ओढाताण होते.

जुने कागद हाताळण्यास नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे कोरडे महिनेच योग्य आहेत. तेव्हा नोंदवहीचे काम येत्या दिवाळीपूर्वी सुरू करण्याचे आदेश व्हावेत आणि जिल्हानिहाय जबाबदार अधिकाऱ्याचे नाव जाहीर करावे, म्हणजे ज्यांच्या घरी फायली आहेत त्यांना कोणाकडे जायचे ते कळेल.

आपला नम्र,
सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एक वाचक