लव्हलँड-वॉरन वादाबाबत सूचना

शिकागो बेअर्स या अमेरिकन फुटबॉल संघावर प्रेम करणाऱ्या सर्व सभासदांना नमस्कार.

२०२५ च्या ड्राफ्टमध्ये (संघांनी क्रमाने नवे खेळाडू निवडण्याची प्रक्रिया) शिकागोने पहिल्या फेरीत, १० व्या क्रमांकावर कोल्स्टन लव्हलँडला घेतल्यापासून गटात जुंपली आहे. संघात कोल कमेट असताना आणखी एक टाइट एंड (प्रतिस्पर्ध्यांना अडवणारा आणि पासही झेलणारा खेळाडू) कशाला, हा प्रश्न रास्तच. दुसरा टाइट एंड टायलर वॉरन तेव्हा उपलब्ध होता, तो पुढे १४ व्या क्रमांकावर कोल्ट्स संघाकडे गेला, हेही खरं. पण लव्हलँडच्या खांद्याच्या शस्त्रक्रियेवरून चाललेली टिंगल थांबवावी. खेळाडूच्या दुखापतीवर हसायचं नसतं.

दुसरं, २०१७ चा ड्राफ्ट उकरू नका. तिसऱ्यावरून दुसऱ्या क्रमांकावर येण्यासाठी जादा तीन निवडी मोजून क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) ट्रुबिस्की घेतला आणि पुढे खूप मोठा ठरलेला क्वार्टरबॅक महोम्स दहावा गेला, हे इथे लहान मुलांनाही पाठ आहे. ते तेव्हाचे सरव्यवस्थापक रायन पेस यांचं कर्तृत्व. आता रायन पोल्स आहेत. (त्यांच्यावर टीका जरूर करा, मुद्द्याला धरून.)

सविस्तर चर्चा रविवारी शिकागोच्या सकाळी ९:३० वाजता, म्हणजे भारतात रात्री ८ वाजता, व्हिडिओ कॉलवर होईल. बोलणाऱ्यांनी शनिवारपर्यंत नावं कळवावीत. प्रतिस्पर्धी पॅकर्स संघाच्या बाजूच्या जावयांना फक्त ऐकण्याची परवानगी आहे.

– गटचालक