केसांच्या गोळ्या आणि थायरॉइडचा रिपोर्ट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत केसगळतीवर जीवनसत्त्वांचा लेख आला आणि त्याच पानाच्या तळाशी केसांच्या गोळ्यांची जाहिरात. हा योगायोग असेल तर असो. माझी सगळी नोकरी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत गेली, त्यामुळे मला खटकले ते वेगळेच. लेखात बायोटिनचे, म्हणजे केसांच्या गोळ्यांतल्या ब गटातल्या जीवनसत्त्वाचे, कौतुक जवळजवळ अर्धा रकाना आहे, पण ते घेणाऱ्याने रक्त द्यायला जाण्याआधी काय करावे यावर एक ओळही नाही.

मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 30 मायक्रोग्रॅम बायोटिन पुरते. अंडी, शेंगदाणे, डाळी पोटात जाणाऱ्या घरात त्याची उणीव क्वचितच होते. दुकानातल्या गोळीत मात्र 5,000, नाही तर थेट 10,000 मायक्रोग्रॅम असते. जास्तीचे लघवीवाटे निघून जाते, म्हणून 'फायदा नाही तर नाही, अपाय तर नाही ना' असे म्हणत लोक महिनोन्‌महिने घेत राहतात. अपाय होतो तो रिपोर्टला. थायरॉइडच्या, हृदयविकाराचा झटका ओळखणाऱ्या ट्रोपोनिनच्या आणि इतरही काही तपासण्यांत कित्येक यंत्रे रक्तातला हवा तो पदार्थ धरून मोजायला बायोटिनचीच पकड वापरतात. रक्तातच ते भरमसाट असले की यंत्र फसते. थायरॉइडला कामाला लावणारा टीएसएच खोटा खाली दिसतो, थायरॉइडची स्वतःची संप्रेरके टी3-टी4 खोटी वर जातात, आणि थायरॉइड ठणठणीत असलेल्या बाईच्या हातात तो वाढल्याचा कागद पडतो. त्यात थायरॉइड बिघडला तरी केस गळतातच, त्यामुळे तिलाही तो कागद खरा वाटतो! आणि उपचार सुरू होतात भलत्याच दुखण्यावर.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर 2017 मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. बायोटिनमुळे ट्रोपोनिन खोटे कमी आलेल्या एका रुग्णाच्या मृत्यूची नोंद त्यात आहे. तिथली थायरॉइड तज्ज्ञांची संघटना तपासणीआधी निदान दोन दिवस बायोटिन बंद ठेवायला सांगते. आपल्याकडे सुई टोचण्याआधी 'उपाशी आहात ना?' एवढे हमखास विचारतात. केसांच्या गोळ्यांचे कोणी विचारत नाही आणि पेशंटही सांगत नाही, कारण त्याच्या लेखी ते औषधच नव्हे. 'बीपीची चालू आहे, बाकी काही नाही,' हे वाक्य मी टेबलापलीकडून फार ऐकले आहे.

मग इतक्या जणांना गुण येतो तो कसा? आमच्या सोसायटीतल्या एका वहिनींना पावसाळ्यात चिकनगुनिया झाला. दिवाळीच्या सुमाराला न्हाणीघराच्या जाळीवर केसांचा गुंताच्या गुंता अडकू लागला. कुणीतरी सुचवले म्हणून महागडी बाटली आली, आणि होळीपर्यंत गळणे थांबले. आता त्या भेटेल त्याला त्या बाटलीचे नाव सांगतात. खरे म्हणजे मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन, उपाशी राहून घटवलेले वजन, यांतले काही झाले की पुष्कळ केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. कारण गेलेले असेल तर पुढच्या सहाएक महिन्यांत ते बहुधा आपसूक थांबते. माणूस घाबरून बाटली आणतो ती नेमकी या उताराच्या तोंडावर. त्या काळात वहिनींनी नुसती खोबऱ्याची वाटी खाल्ली असती तरी श्रेय खोबऱ्याला गेले असते.

जीवनसत्त्वे कुचकामी आहेत असे मी मुळीच म्हणत नाही. उणीव असेल तिथे ती भरून काढलीच पाहिजे. पण आपल्याकडे उणीव असते ती बहुतेक लोहाची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत मध्य प्रदेशातल्या 15 ते 49 वयाच्या 54.7 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन ठीक दिसते तेव्हाही फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तळाला गेलेला असू शकतो. आमच्या इंदूरच्या भंवरकुआँ भागातल्या होस्टेलांतून कोचिंगला येणाऱ्या मुली बघा. सकाळी पोहे, रात्री अर्धामुर्धा डबा, मध्ये नुसता चहा. त्यांच्या पर्समध्ये केसांच्या रंगीत गमीज, म्हणजे चघळायच्या गोळ्या, सापडतील, पण फेरिटिन हे नाव त्यांनी ऐकलेले नसते. कुणी लोहाची गोळी दिलीच, तर ती पोह्यांनंतरच्या चहाबरोबर गिळतात आणि निम्मे लोह वाया घालवतात. तीच गोळी लिंबूपाण्याबरोबर घेतली तर चांगली लागू पडते. शाकाहारी घरांत बी12 बघावे, ड जीवनसत्त्वही बघावे. पण बघावे आधी आणि घ्यावे नंतर.

पुरुषांचे कपाळ मागे सरकते किंवा टाळूवर चांदवा पडतो, तो कारभार आनुवंशिकतेचा आणि डीएचटी या संप्रेरकाचा. त्यावर मिनॉक्सिडिल, फिनास्टेराइड अशी औषधे आहेत, ती डॉक्टरांना विचारून घ्यायची. जीवनसत्त्वाच्या गोळीने तो चांदवा भरत नाही. (बोअरिंगच्या पाण्याला शिव्या घालून केसांसाठी नर्मदेचे पाणी भरून ठेवणारेही आमच्या कॉलनीत आहेत. जड पाण्याने केस राठ होतील, तुटतील. चांदवा त्याने पडत नाही.)

जास्तीचे घेतल्यानेही केस जातात, हे तर लेखात यायलाच हवे होते. अ जीवनसत्त्वाचा अतिरेक झाला की केस गळतात, सेलेनियमचेही तेच. 2025 च्या सुरुवातीला बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावच्या आसपासच्या गावांत लोकांना अचानक टकले पडू लागली, ती बातमी आपणही छापली असेल. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तिथे तपासणी करून रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवले होते. आता केसांच्या कोणत्याही मल्टीव्हिटॅमिनची पट्टी उलटी करून वाचा. घटकांच्या यादीत सेलेनियम बरेचदा असतेच.

ती पट्टी हातात आहेच, तर भिंग घेऊन आणखी एक ओळ शोधा: 'औषधी उपयोगासाठी नाही'. अन्नपूरक म्हणून विकायचे तर ती छापणे बंधनकारक आहे. औषध म्हणून विकायचे तर टक्कल घालवण्याचा दावा करायला औषध नियमांच्या अनुसूची 'जे'मध्ये मनाई आहे. म्हणून पट्टीवर सौम्य भाषा आणि जाहिरातीत घनदाट केसांची बाई, असा मामला.

तेव्हा दोन विनंत्या. अशा मजकुराखालच्या जाहिरातीवर 'जाहिरात' हा शब्द वाचता येईल एवढ्या टायपात छापावा. आणि येत्या पुरवणीत एक चौकट द्यावी: बायोटिन असलेली कोणतीही गोळी चालू असेल तर रक्त काढणाऱ्याला आणि डॉक्टरांना आधी सांगावे, आणि थायरॉइडच्या तपासणीआधी ती किती दिवस बंद ठेवायची ते त्यांनाच विचारावे. मजकूर लिहून हवा असल्यास मी देईन.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ
लोकमान्य नगर, इंदूर