पंधरा दिवसांबद्दल आभार : न्यायमूर्ती भूषण गवई यांना सोलापूरहून पत्र

आदरणीय न्यायमूर्ती भूषण गवई साहेब,
सविनय जय भीम.

23 नोव्हेंबर 2025 रोजी आपण सरन्यायाधीशपदावरून निवृत्त झालात. न्यायाधीश खुर्चीवर असताना वकिलांनी असे पत्र लिहिणे बरे दिसत नाही, म्हणून इतके दिवस थांबलो होतो. नोटाबंदीचा बहुमताचा निकाल, कलम 370 चे घटनापीठ, अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणावरचे आपले वेगळे निकालपत्र, यांवर जाणकारांनी भरपूर लिहिले आहे. आम्हाला आभार मानायचे आहेत ते घर पाडण्याआधी नोटीस कशी द्यायची हे ठरवणाऱ्या, 13 नोव्हेंबर 2024 च्या निकालातल्या पंधरा दिवसांबद्दल आणि 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात बसू लागलेल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचबद्दल. सोलापुरातल्या माणसासाठी या दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. कशा, ते सविस्तर सांगतो.

लोक त्या निकालाला बुलडोझरचा निकाल म्हणतात. आमच्याकडे येतो तो जेसीबी. सोलापूरच्या पूर्व भागात घर आणि कारखाना अनेकदा एकाच छताखाली असतात. खाली यंत्रमाग, वर बिऱ्हाड. नाहीतर एकाच खोलीत सुपात तंबाखू घेऊन विड्या वळणारी बाई आणि बाजूला अभ्यासाला बसलेली पोरे. असे घर पाडले की छप्पर आणि मजुरी एकाच दिवशी जाते. माग नुसता उचलून दुसरीकडे ठेवता येत नाही. जमीन सपाट करून तो पुन्हा बसवावा लागतो, जॉबर म्हणजे मागाचा मिस्त्री बोलावून लावून घ्यावा लागतो, आणि चढवलेला बीम, म्हणजे ताण्याच्या सुताचा रूळ, मध्येच काढला तर सूत वाया जाते. त्यामुळे नोटीस आणि जेसीबी यांच्यामध्ये किती दिवस मिळतात, हा इथे पोटाचा प्रश्न असतो.

आपण आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांनी ते दिवस मोजून दिलेत. कारणे दाखवा नोटिशीशिवाय पाडकाम नाही. उत्तराला स्थानिक कायद्यात असेल तेवढी मुदत किंवा पंधरा दिवस, यांतले जे जास्त असेल ते. नोटीस रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसह पाठवायची, शिवाय बांधकामाच्या बाहेरच्या बाजूला ठळक दिसेल अशी डकवायची. मुदत मोजायची ती नोटीस मिळाल्यापासून. यातले सगळ्यात उपयोगी कलम आमच्या मते ईमेलचे आहे. नोटीस बजावली की लगेच जिल्हाधिकारी कार्यालयाला ईमेल जायचा आणि तिकडून आपोआप पोच यायची. मागची तारीख टाकून नोटीस तयार केल्याचा आरोप पूर्वी तोंडीच राहायचा, कारण तो सिद्ध करायला हातात काही नसायचे. आता पोचेवरची वेळ बोलते. ती पोच माहितीच्या अधिकारात मागत बसलात तर तीस दिवस जातात, म्हणून आम्ही नोटिशीच्या उत्तरातच लिहितो : जिल्हाधिकाऱ्यांना ईमेल कोणत्या तारखेला केला ते सुनावणीच्या इतिवृत्तात नोंदवावे. हे एक वाक्य फार कामाचे आहे.

नोटिशीत काय असावे, हेही आपण सांगितलेत : बांधकाम कोणत्या स्वरूपाचे, नेमका कोणता नियम मोडला, कोणती कागदपत्रे आणायची, सुनावणी कोणत्या तारखेला आणि कोणापुढे. ‘आपले बांधकाम अनधिकृत आहे, त्वरित काढून घ्यावे’ एवढ्या दोन ओळींची नोटीस आता टिकू नये. अंतिम आदेशात घरमालकाचे म्हणणे, ते का मान्य नाही त्याची कारणे, बांधकाम नियमित होऊ शकते का, आणि थोडाच भाग बेकायदा असेल तर पूर्ण घर पाडण्यावाचून इलाज का नाही, हे लिहिणे बंधनकारक झाले. आदेश मिळाल्यावर पुन्हा पंधरा दिवस. त्यानंतर दोन पंचांच्या सह्यांचा तपासणी अहवाल, पाडकामाचे चित्रीकरण आणि हजर असलेल्या पोलिसांची व कर्मचाऱ्यांची नावे असलेला अहवाल. हे डावलले तर अवमानाची कारवाई आणि घर पुन्हा उभे करण्याचा खर्च अधिकाऱ्याच्या खिशातून. फाइलवर सही करणारा हात थबकतो तो या शेवटच्या वाक्यापाशी.

तरीही माणसे हरतात, आणि बहुतेक वेळा साध्या चुकांमुळे. रजिस्टर पाकीट घेतले नाही की नोटीस लागू होत नाही, असा पक्का समज आहे. प्रत्यक्षात ‘घेण्यास नकार’ असा शेरा घेऊन ते परत जाते, आणि कायदा ते मिळाले असेच धरून चालतो. पाकीट घ्यावे, शिक्क्यासह जपून ठेवावे, डकवलेल्या नोटिशीचा त्याच दिवशी फोटो काढावा. उत्तर साहेबांना तोंडी सांगून भागत नाही. दोन प्रती न्याव्यात आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय जागा सोडू नये. घरपट्टीच्या वीस वर्षांच्या पावत्या लोक अभिमानाने आणतात, पण घरपट्टी भरल्याने बांधकाम कायदेशीर होत नाही. त्या पावत्यांनी ताबा आणि काळ दाखवता येतो, एवढेच. खरे वजन बांधकाम परवाना, मंजूर नकाशा आणि सिटी सर्व्हेचा उतारा यांना. गुंठेवारीतली, म्हणजे बिनपरवाना गुंठ्यागुंठ्याने विकलेली, जागा असेल तर नियमितीकरणाचा अर्ज नोटिशीच्या उत्तराआधी दाखल करून त्याची पोच जोडावी. 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या गुंठेवारीला 2021 च्या दुरुस्तीने ती वाट मोकळी केली आहे. आणि आपल्याकडे नोटीस मराठीत येते, पण घरात वाचता येते ते तेलुगू, कन्नड किंवा उर्दू. पहिले चार-पाच दिवस वाचून देणारा माणूस शोधण्यातच जातात.

आता कोल्हापूरचे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या कलम 149 मुळे अशा आदेशाविरुद्ध दिवाणी दाव्याची वाट जवळपास बंद असते. स्थगिती हवी तर रिट याचिका घेऊन उच्च न्यायालयातच जावे लागते. म्हणजे दुसरे पंधरा दिवस मुंबईच्या प्रवासाचे होते : नक्कल काढा, मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर करा, रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडा, तिथला वकील गाठा, शपथपत्र करा, ऑफिसने काढलेल्या त्रुटी दूर करा आणि त्या दिवशीच्या सुनावणीच्या यादीत, म्हणजे बोर्डावर, नाव येण्याची वाट पाहा. यंत्रमाग कामगाराला हे झेपत नव्हते. मुंबई चारशे किलोमीटर, कोल्हापूर त्याच्या निम्म्याहून थोडे अधिक. सोलापूर, सांगली, सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे तत्कालीन मुख्य न्यायमूर्ती आलोक आराधे यांनी 1 ऑगस्ट 2025 रोजी राज्य पुनर्रचना अधिनियमाच्या कलम 51(3) खाली अधिसूचना काढली, आणि 17 ऑगस्टला आपल्या हस्ते सीपीआर या सरकारी रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालय इमारतीत उद्घाटन झाले. या मागणीसाठी चार दशके वकिलांनी आंदोलने केली. श्रेय पुष्कळांचे आहे. पण आपण या मागणीची बाजू उघडपणे घेतलीत, हे सगळ्यांनी पाहिले.

एक बोच मात्र आपल्यापाशी मोकळेपणाने मांडतो. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी किंवा तलाव इथल्या अनधिकृत बांधकामांना आपले निर्देश लागू नाहीत. त्यामागचे कारण कळते, पण सर्वांत गरीब वस्ती नेमकी तिथेच असते. त्या माणसांच्या हाती आजही जुनाच कायदा आणि जुनीच घाई आहे. अमरावतीच्या फ्रेझरपुऱ्यात वाढलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश होण्याआधी तीन वर्षे वकिली हवी, हा 20 मे 2025 चा निर्णय नव्या मुलांना जाचक वाटतो. आम्हाला तो पटला. पोचपावतीवरची तारीख आणि नोटिशीवरची तारीख यांतला फरक पाडकाम थांबवण्याच्या मनाई अर्जावर युक्तिवादाला उभे राहिल्याशिवाय कळत नाही.

सोबत एका पानाचा कागद जोडला आहे. त्यात आपल्या निर्देशांचा सोपा क्रम मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दूत मांडला आहे, आणि खाली दिवस मोजण्यासाठी पंधरा चौकोनी रकाने दोन ओळींत आहेत. पहिल्या रकान्यात नोटीस हातात पडल्याची तारीख लिहायची. यंत्रमागाच्या शेडमध्ये आणि विडी कारखान्यांच्या दारात तो लावायचा विचार आहे. कुठे आपल्या म्हणण्यापेक्षा कमी-जास्त लिहिले गेले असेल, तर छापण्याआधी कळवावे ही विनंती.

आपले कृतज्ञ,
सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात वकिली करणारे काही वकील